एफ५ दाबलं की काहीच नाही, एफ११ दाबलं की आवाज कमी होतो: नवीन कीबोर्ड, लिनक्स मिंट

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. सेलूला माझं छोटं सेवा केंद्र आहे, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, फॉर्म भरणं, झेरॉक्स, जे येईल ते. दोन कॉम्प्युटर, दोन्हीवर मिंट २०.३ (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स सिस्टम), तीन-चार वर्षं झाली चालायलंय आणि त्रास म्हणून काही नाही. दिवसभर टायपिंग करून बोटं दुखायलीत म्हणून या वेळेस जरा पैसे घालून एक मेकॅनिकल कीबोर्ड ऑनलाइन मागवला, मागं मॅक आणि विंडोज असा बारका स्विच असतो ना, तसला. अक्षरं एकदम झकास उमटायलीत, मराठी इनस्क्रिप्ट पण नीट चालतं, पण वरची एफ-वाली ओळ पूर्ण बिघडलेली आहे.

एफ५ दाबलं की काहीच होत नाही, पेज रिफ्रेश होत नाही. एफ११ ला फुल स्क्रीन व्हायच्या ऐवजी आवाज कमी होतो, एफ१२ ला वाढतो, एफ१० ला आवाज बंदच. कॅल्कमध्ये एफ२ दाबून सेलमधी जाऊन दुरुस्ती करायची माझी हाताची सवय आहे, ते पण नाही, एफ४ दाबून डॉलरचं चिन्ह लावतो ते पण नाही. रायटरमध्ये शुद्धलेखनाला एफ७ दाबलं तर मोबाइलची गाणी कॉम्प्युटरवर लावलेली होती त्यातलं मागचं गाणं सुरू झालं!

एफएन धरून दाबून बघितलं तर कीबोर्डची स्वतःची लाइट कमी-जास्त होते, खरं एफ५ काही येत नाही. स्विच मॅककडं सरकवला तर एफएन धरून एफ५ मिळतं पण मग ऑल्ट आणि विंडोजची कळ एकमेकीच्या जागी जातात आणि रिफ्रेशसाठी दर वेळेस दोन बोटं, हे मला जमणार नाही. शेजारी फोटो स्टुडिओ आहे त्यांच्या विंडोजवर लावून पाहिला, तिथं सगळं जिथल्या तिथं. म्हणजे कीबोर्ड चांगला आहे. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये सगळे टॅब उलटेपालटे करून झाले, असा काही पर्यायच नाही. विक्रेता म्हणतो परत पाठवा, पैसे देतो, पण मला कीबोर्ड आवडलाय हो. पीक विम्याची गर्दी सुरू झाली की साइट अडकते आणि मी मिनिटाला दहा वेळा एफ५ दाबत असतो, त्याच्या आत काही इलाज होईल का? आणि असं कामून होयलंय तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

बिंदुसरा_७७

दादा, परत पाठवू नका, कीबोर्ड चांगला आहे आणि मिंटपण. आधी दोन गोष्टी बघून सांगा. मी कमांड उच्चाराप्रमाणे लिहायलोय, तुम्ही टाइप करताना इंग्रजीत, सगळी छोटी अक्षरं.

पहिली, टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून एलएसयूएसबी. जी यादी येईल त्यात तुमच्या कीबोर्डची ओळ कोणती ते शोधा, कळत नसेल तर कीबोर्ड काढून एकदा चालवा, लावून एकदा चालवा, जी ओळ नवीन दिसेल ती.

दुसरी, कॅट /सिस/मॉड्यूल/एचआयडी_अ‍ॅपल/पॅरामीटर्स/एफएनमोड. यातलं सिस म्हणजे फक्त एस-वाय-एस, एचआयडी आणि अ‍ॅपल यांच्या मधी अंडरस्कोर. एक आकडा येईल. तो कोणता?

दुधनाकाठ

आत्ताच केलं. ओळीत ०५एसी:०२४एफ आणि पुढं अ‍ॅपल, अ‍ॅल्युमिनियम कीबोर्ड असं काहीतरी आलं. अ‍ॅपल कुठून आलं यात, माझ्याकडं त्यांची एकही वस्तू नाही आणि कीबोर्डवर पण दुसऱ्याच कंपनीचं नाव आहे! आकडा १ आला.

बिंदुसरा_७७

हेच वाटलं होतं. आता सविस्तर सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुन्हा कुणाला विचारायचं काम पडत नाही.

यूएसबीला काहीही लावलं की ती वस्तू स्वतःची ओळख सांगते, एक नंबर कंपनीचा आणि एक मॉडेलचा. ०५एसी हा अ‍ॅपलचा नंबर, ०२४एफ हा त्यांच्या एका जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या कीबोर्डचा. बाहेरच्या बऱ्याच कंपन्या मॅकला चालणारा कीबोर्ड बनवताना हाच नंबर उचलून टाकतात, म्हणजे मॅकला लावला की तो आपलाच समजून सगळ्या कळा बरोबर जोडून घेतो. विंडोजला या नंबराचं विशेष काही पडलेलं नसतं म्हणून स्टुडिओत तुमचा कीबोर्ड सरळ चालला. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, मात्र अ‍ॅपलच्या कीबोर्डसाठी वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू चालवणारा प्रोग्राम, आहे, त्याचं नाव एचआयडी अ‍ॅपल. नंबर बघितला की तो कीबोर्ड ताब्यात घेतो आणि खऱ्या अ‍ॅपलच्या कीबोर्डवर जशी चित्रं छापलेली असतात तशा कळा बदलतो. एफ१ एफ२ स्क्रीनचा उजेड, एफ५ एफ६ कळांखालची लाइट, एफ७ एफ८ एफ९ गाणी, एफ१० ते एफ१२ आवाज. तुमचं एफ५ मेलेलं नव्हतं, ते कळांची लाइट कमी करा म्हणून सांगत होतं आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

आता एफएन का चालत नाही. खऱ्या अ‍ॅपलच्या कीबोर्डवर एफएन ही बाकीच्या कळांसारखीच कॉम्प्युटरपर्यंत पोचते, ड्रायव्हरला कळतं की एफएन धरलीय, मग तो खरं एफ५ देतो. तुमच्या कीबोर्डचा स्विच विंडोजकडं असला की एफएन कीबोर्डच्या आतच संपते, कर्नलला ती कधी दिसतच नाही. म्हणजे ड्रायव्हर वाट बघत बसलाय एफएनची आणि ती येणारच नाही. त्यामुळं त्या बाजूला खरं एफ१ ते एफ१२ मिळायचा कुठलाच रस्ता उरत नाही, आणि मॅककडं सरकवलं की एफएन पोचते म्हणून तिथं मिळालं. तुम्ही जे बघितलं ते सगळं यात बसतंय.

जो आकडा तुम्ही वाचला तोच हे ठरवतो. ० म्हणजे एफएनचा सगळा खेळ बंद. १ म्हणजे आधी चित्रांची कामं, एफएन धरली तर एफ-कळा. २ म्हणजे आधी एफ-कळा, एफएन धरली तर चित्रांची कामं. तुम्हाला २ पाहिजे.

आधी तात्पुरतं करून बघा: इको २ | सुडो टी /सिस/मॉड्यूल/एचआयडी_अ‍ॅपल/पॅरामीटर्स/एफएनमोड. यातला टी म्हणजे टी-ई-ई, आणि २ इंग्रजी आकड्यात. रीस्टार्ट लागत नाही, एंटर मारलं की लगेच एफ५ दाबून बघा. टी कामून घातलंय तर बरेच जण सरळ सुडो इको २ आणि पुढं बाण काढून फाइलचं नाव देतात आणि परवानगी नाही म्हणून अडकतात, कारण सुडो, म्हणजे अॅडमिनचा अधिकार, फक्त इकोला लागू होतं, बाण मारायचं काम तुमच्या साध्या यूजरची शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, करते आणि तिला तिथं लिहायचा अधिकार नसतो. मी स्वतः यात एक अख्खी संध्याकाळ घालवलेली आहे.

चाललं तर मग कायमचं करू.

दुधनाकाठ

चाललं!! लगेच चाललं, एफ२ पण, एफ११ पण. बिंदुसरा भाऊ, लई आभार. पण कॉम्प्युटर बंद करून चालू केला की परत १ झालं. कायमचं सांगा.

बिंदुसरा_७७

हो, ते कर्नलच्या मेमरीतलं असतं, बंद केलं की गेलं. कायमचं करायला /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ या फोल्डरात एचआयडी_अ‍ॅपल.कॉन्फ नावाची फाइल बनवा, सुडो नॅनोनं उघडा, आणि आत एकच ओळ: ऑप्शन्स एचआयडी_अ‍ॅपल एफएनमोड=२. ऑप्शन्स अनेकवचनी, शेवटी एस. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूला जागा सोडू नका. मग सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू चालवा आणि रीस्टार्ट.

ही शेवटची कमांड विसरू नका. डिस्क उघडायच्या आधीच कर्नल एका छोट्या गाठोड्यातून चालू होतं, कीबोर्डचा ड्रायव्हर बऱ्याचदा तिथूनच लोड होतो, तुमची फाइल त्या गाठोड्यात गेली नाही तर ड्रायव्हर आपला जुनाच आकडा घेऊन बसतो. फाइल बरोबर असून चालत नाही अशी तक्रार निघाली की दहापैकी नऊ वेळा हेच असतं. फेडोरा आणि आर्च ही लिनक्सचीच दुसरी रूपं, फेडोरावाल्यांना इथं ड्रॅकट -एफ आणि आर्चवाल्यांना एमकेइनिटसीपीआयओ -पी, त्यातला पी मोठा.

लेंडीकाठ

मुखेडहून. बिंदुसरा भाऊंनी सांगितलं ते शंभर टक्के, फक्त एक भर घालतो, कारण उद्या नवीन मिंटवाला कुणी हे वाचेल आणि त्याला आकडा ३ दिसेल आणि तो गोंधळेल.

२०२२ मध्ये कर्नलवाल्यांनी हा घोळ दुरुस्त केला. ३ हा नवा आकडा आणला आणि तोच डिफॉल्ट केला. ३ म्हणजे आपोआप: कीबोर्ड खरा अ‍ॅपलचा दिसला तर १ सारखं वागायचं, बाहेरचा दिसला तर २ सारखं. आता नंबर तर दोघांचा एकच, मग ओळखायचं कसं, तर नंबराबरोबर कीबोर्ड स्वतःचं नाव पण पाठवतो, ते नाव बघायचं. ड्रायव्हरमध्ये अशा नावांची यादी आहे, कीक्रॉन, सोनिक्स अशी सुरुवात झाली आणि मग जशी जशी लोकांनी आपल्या कीबोर्डची नावं कळवली तशी ती वाढत गेली. म्हणून मिंट २२ वर, तिथं ६.८ कर्नल आहे, ज्याचं नाव यादीत आहे त्याला काहीच करावं लागत नाही, लावला की चालला.

पण यादीत नाव नसलं की परत तेच. माझ्याकडं एक स्वस्तातला बोर्ड आहे, मिंट २२, आकडा ३, आणि तरी एफ५ गायब! मी दोन दिवस म्हणत होतो हे तर दुरुस्त झालंय ना मग माझ्याकडंच असं कामून, तर माझा बोर्ड जे नाव सांगत होता ते यादीत नव्हतंच. हाताने २ केलं आणि विषय संपला. तर मंडळी, ३ दिसलं म्हणजे सुटलं असं समजू नका, एफ५ दाबून बघा. शंका असली तर ईव्हीटेस्ट टाकून घ्या, कोणती कळ दाबली की कर्नल काय समजतंय ते लगेच दिसतं.

आणि दुधनाकाठ दादा, दुसरी गोष्ट. मिंट २० चा सपोर्ट एप्रिल २०२५ मध्ये संपलाय. लोकांचे आधार आणि बँकेचे कागद तुमच्या मशीनवरून जातात, तेव्हा सुरक्षेचे अपडेट न येणारी सिस्टम ठेवू नका ही कळकळीची विनंती. गर्दी ओसरली की आधी २१ वर आणि मग २२ वर न्या, बॅकअप घेऊन.

मांजराकाठचा

सगळं पटलं पण एक सांगू का, सरसकट २ करा म्हणून सांगत सुटू नका. माझ्याकडं जुना मॅकबुक आहे, लातूरला एकाकडून सेकंडहँड घेतला, त्यावर डेबियन १२, हे पण लिनक्सच. मला उजेड आणि आवाज दिवसातून पन्नास वेळा लागतो, एफ-कळा महिन्यातून एकदा. आणि हा आकडा ड्रायव्हरचा आहे, एका कीबोर्डचा नाही, म्हणजे बाहेरचा कीबोर्ड जोडला आणि त्याच्यासाठी २ केलं की माझ्या लॅपटॉपच्या कळा पण बदलणार. डिफॉल्ट १ ठेवला होता त्यांनी तो काही चुकून ठेवला नव्हता, अ‍ॅपलच्या कळांवर जे छापलंय ते व्हावं हे बरोबरच आहे.

बिंदुसरा_७७

मांजराकाठचे भाऊ, आकडा सगळ्यांना एकच लागतो हे तुमचं खरं आहे, आणि तुमच्यासारख्याला ३ सगळ्यात बरा, डेबियन १२ ला ६.१ कर्नल आहे, तिथं तो आहेच. बाहेरच्या बोर्डाचं नाव यादीत असलं तर दोघं आपापल्या रीतीनं चालतील.

पण डिफॉल्टच्या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही आणि हे मला मनापासून मांडायचंय. तुमच्या मॅकबुकवर चुकीचा आकडा पडला तर काय होईल? एफएन धरून उजेड कमी करावा लागेल. बोटाला थोडा त्रास, पण काम होतं, कारण तुमची एफएन खरी आहे. दुधनाकाठ दादांच्या बोर्डावर चुकीचा आकडा पडला तर बारा कळा गेल्याच, एफएन धरून पण नाहीत, सेटिंगमध्ये पर्याय नाही, कीबोर्डच्या पुस्तकात काही नाही. एका बाजूला गैरसोय आणि दुसऱ्या बाजूला वाट बंद. अशा वेळी ओळख पक्की पटत नसेल तर ज्याची वाट बंद होते त्याच्या बाजूनं डिफॉल्ट असावा. आजची यादी उलटी आहे, बाहेरच्यांची नावं गोळा करत बसायचं, दर महिन्याला नवीन बोर्ड निघतो आणि तो यादीत येईपर्यंत घेणाऱ्याला वाटतं आपला माल खराब निघाला. अ‍ॅपलची स्वतःची मॉडेलं मोजकी आहेत, त्यांना ओळखून १ द्या आणि बाकी सगळ्यांना २, असं मला वाटतं.

लेंडीकाठ

मूळ चूक कीबोर्डवाल्यांची, दुसऱ्याचा नंबर लावून फिरायचं. कंपनीचा नंबर फी भरून स्वतःचा घेता येतो. आता काही नवीन बोर्ड स्वतःच्या नंबरावर येतात, क्यूएमके फर्मवेअरवाले (फर्मवेअर म्हणजे कीबोर्डच्या आतला प्रोग्राम) बरेच तसे आहेत, त्यांना अ‍ॅपलचा ड्रायव्हर हात लावत नाही म्हणून हा प्रश्नच येत नाही. घ्यायच्या आधी विक्रेत्याला एलएसयूएसबीचा नंबर विचारा, सांगेल असं नाही, पण विचारा.

तेरणाई

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, उमरग्याकडं. आमच्या लॅबमध्ये उबुंटू लिनक्स आहे आणि दोन-तीन लॉजिटेकचे ब्लूटूथवाले छोटे कीबोर्ड आहेत, त्यांचं पण एफ५ दाबलं की भलतंच होतं. वर लिहिलेली फाइल मी बनवली, गाठोड्याची कमांड पण दिली, काही फरक पडला नाही. माझं काही चुकलं का?

बिंदुसरा_७७

नाही ताई, तुमचं काही चुकलं नाही, तुमचा प्रश्न दिसायला तसाच पण आतून वेगळा आहे. लॉजिटेक स्वतःच्या नंबरावर येतो, अ‍ॅपलचा ड्रायव्हर त्याला बघतच नाही, म्हणून त्या फाइलचा काही उपयोग नाही, काढून टाकली तरी चालेल. तिथं अदलाबदल कीबोर्डच्या आत होते. सोलार नावाचं प्रोग्राम आहे, उबुंटूच्या सॉफ्टवेअरमधूनच मिळतं, ते टाकून कीबोर्ड निवडला की एफ-कळांची अदलाबदल करायचं बटण दिसतं. सगळ्या मॉडेलांना नाही पण बऱ्याच जणांना. काही मॉडेलांवर एफएन आणि एस्केप एकदम दाबलं तरी होतं, आधी तेच करून बघा, फुकटात झालं तर बरंच.

लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डला असं होत असेल तर आणखी वेगळं, तिथं बहुतेक वेळा बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, एफ-कळांचा पर्याय असतो. म्हणून मी सुरुवातीलाच नंबर विचारला होता, नंबर न बघता आकडे बदलत बसलं की वेळ जातो.

तेरणाई

एफएन आणि एस्केपनं दोन कीबोर्ड झाले सर! तिसऱ्याला उद्या सोलार टाकून बघते. पोरांना ब्राउझर शिकवताना एफ५ दाबा म्हणलं की त्या तीन टेबलावरची पोरं दर वेळेस हात वर करायची. धन्यवाद.

दुधनाकाठ

मंडळी, दोन्ही कॉम्प्युटरवर फाइल टाकली, गाठोड्याची कमांड दिली, तीनदा बंद-चालू करून बघितलं, आकडा २ च राहायलाय. कीबोर्ड एकच आहे पण कधी या टेबलावर कधी त्या, म्हणून दोन्हीकडं केलं. लेंडीकाठ दादा, तुमचं सपोर्टचं बोलणं मनाला लागलं, मला माहीतच नव्हतं. विम्याची तारीख संपली की त्याच आठवड्यात बॅकअप घेऊन अपग्रेड करतो. एकच विचारायचंय, २२ वर गेल्यावर ही फाइल काढावी लागेल का, तिथं ३ असतो म्हणलात.

लेंडीकाठ

काढायची गरज नाही, तुमच्याकडं अ‍ॅपलचं काहीच नाही त्यामुळं २ कायम राहिला तरी नुकसान नाही. फक्त अपग्रेड झाल्यावर एकदा तो कॅटवाला आकडा बघा. ३ दिसला तर फाइल गाठोड्यात गेलेली नाही, अपडेट-इनिटरामएफएस परत एकदा चालवा.